शेवटचा सूर बाबांचा

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटणार नाही. मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मला घडवणारे म्हातारे कारागीर नुसती टिचकी मारून लाकडाचं वय सांगत. त्यांनी माझा भाता पहिल्यांदा हलवला, तेव्हा माझ्या खर्जाने शेजारच्या दुकानातली अकरा घड्याळं एकदम बंद पडली. बरं, दहा धरा.

मी आले ती पुस्तकं बांधणाऱ्या एका बाबांच्या घरी, त्यांच्या लेकीसाठी. पोरगी सदा काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून बाबा तिला मुंगी म्हणत. बाहेरच्या खोलीत पुठ्ठ्याला खळ लावता लावता ते हाक मारत, "मुंगे, पाणी आण गं!"

मुंगी माझ्यावर शिकली आणि रेडिओच्या जाहिरातींना चाली लावू लागली. साबणाची चाल, छत्र्यांची चाल. ऐकून लोकांच्या हातातले चमचे पडत. सभागृहांतल्या कार्यक्रमांतून माझं कोण कौतुक! मग घरात विजेचा कीबोर्ड आला, मी कपाटाशेजारी गेले आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे आले. एका उंदराने माझा भाता कुरतडला. बाबांनी पुस्तकबांधणीचं कापड चिकटवून ठिगळ लावलं, तेवढीच काय ती विचारपूस.

आणि एका सकाळी बाबांचा उजवा हात लुळा पडला. बोलणंही गेलं. कळत सगळं होतं, पण तोंडातून निघे फक्त "हं". पाणी हवं असलं तरी "हं", नको असलं तरी "हं".

बोलणं शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, "बोलता न येणारा माणूस कधीकधी गाऊ शकतो. त्यांच्या रोजच्या एखाद्या वाक्याला चाल लावून बघा. मी तीन आठवड्यांनी येते. तोवर काही हललं नाही, तर चित्रांची पाटी करून देऊ. बोटाने दाखवतील."

पाटीचं नाव ऐकताच बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मुंगीने माझ्यावरचे कपडे उतरवले. वाक्य ठरलेलंच होतं, पण चाली मात्र छत्र्यांच्या! 'पाणी'वर एकदम वरच्या सप्तकात उडी, 'आण'वर चार हरकती. बाबांच्या जिभेला एकेक पायरी उतरायची होती, आणि ही त्यांना गच्चीवरून उड्या मारायला सांगत होती.

"बाबा, म्हणा ना हो!"

"हं."

अठराव्या दिवशी ती थकली आणि माझ्यावर हात ठेवून नुसती बसून राहिली. बाबा हाक कशी मारायचे, ते आठवत. 'मुंगे'ला आवाज जरा चढायचा, 'पाणी'ला तिथेच टेकायचा, आणि मग शेजारच्या सुरांवर पाय ठेवत खाली यायचा, षड्जावर, आपल्या घरी. तिने तेवढंच वाजवलं. वरून मीठमसाला काही नाही. मित्रांनो, ती चाल मी आयुष्यात प्रथमच वाजवत होते, तरी मला वाटलं, ही तर माझ्या लाकडात आधीपासूनच होती!

बाबांची मान वळली. पण ओठ मिटलेलेच.

एकविसाव्या दिवशी मुंगी गात होती, "मुंगे, पाणी आण..." आणि माझं ठिगळ उकललं. हवा मी मुद्दाम सोडली असं मी सर्वांना सांगते, भाता काय वाट्टेल ते म्हणो. सूर तुटला, मुंगीही दचकून थांबली. चाल घराच्या उंबऱ्याशी एक पाय उचलून उभी. खोलीत ते अधुरेपण इतकं दाटलं, की खिडकीतलं मांजरसुद्धा माझ्याकडे बघू लागलं.

आणि खाटेवरून आवाज आला.

"...गं."

बरोबर षड्जावर. खरखरीत, पण केसभरही न ढळलेला. मुंगीने तोंडावर हात दाबला. मी तर सभागृहं ऐकलेली, टाळ्या ऐकलेल्या. पण एखादा सूर माणसाला असा ओढून बाहेर काढतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मुंगी मुद्दाम आधी आधी थांबत गेली, आणि उरलेली चाल बाबा घरी नेत गेले.

म्हणून मित्रांनो, पेटीला उंदरांपासून जपा, तिच्या डोक्यावर कपडे ठेवू नका. आणि चाल बांधाल तेव्हा तिला दम खाऊ द्या, ऐकणाऱ्यासाठी एखादी जागा राखा.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. बाबांनी अख्खी ओळ गाऊन दाखवली. बाईंच्या हातातली पाटी हातातच राहिली.

"अगं, इतकी सहज चाल! किती दिवस लागले तुला?"

मुंगीने पदर सारखा केला. "छे हो बाई, दिवस कसले? एका बैठकीत सुचली."

तेवढ्यात खाटेवरून त्याच चालीत, एकेक पायरी उतरत, कुणीही न शिकवलेली ओळ आली:

"मुंगे, खोटं बोलतेस गं!"