मागच्या खोलीतलं वाचन

मी ग्रंथालयातली ढकलगाडी बोलतेय. दचकू नका. माझा आवाज तुम्ही पुष्कळदा ऐकलाय. फक्त चाकं किरकिरताहेत असं समजून तुम्ही पुन्हा पुस्तकात मान घातलीत.

तीन फळ्या, चार चाकं आणि एक दांडा, एवढाच माझा संसार. शाळेतले मोडके बाक कापून एका सुतारानं मला बनवलं. माझ्या मधल्या फळीवर कुणीतरी कर्कटकानं कोरलेलं अर्धं नाव अजून आहे. उरलेलं अर्धं कुठल्या कपाटात गेलं, देव जाणे.

माझं काम साधं. लोकांनी परत केलेली पुस्तकं अंगावर घ्यायची आणि ज्याच्या त्याच्या कपाटापाशी पोचवायची. ढकलायला मामा. मामा म्हणजे ग्रंथालयाचे शिपाई. ते कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते.

परत आलेलं पुस्तक कधी रिकाम्या हातानं येत नाही. एखाद्याला स्वयंपाकघराचा वास असतो, एखाद्याला औषधाचा. कुणाच्या पानांत बसचं तिकीट, कुणाच्या पानांत केसांचा आकडा. दुपारी वाचनकक्षात ऊन उतरलं की ती पुस्तकं माझ्या अंगावर पेंगायची आणि त्यांची स्वप्नं मला पडायची. ज्या घरांत मी कधीच जाणार नाही, त्या घरांच्या खिडक्या मला दिसायच्या. पडदे हलायचे, आत कुणीतरी पान उलटायचं.

अशाच उन्हात खिळेकाका माझ्या शेजारी येऊन बसायला लागले.

छापखान्यात चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवून त्यांनी अक्षरं उभी केली होती, म्हणून हे नाव. रोज दहाच्या ठोक्याला यायचे, खिडकीजवळची खुर्ची धरायचे आणि कपाटाकडे न जाता माझ्यावरचं पुस्तक उचलायचे. "लोकांनी काय वाचलं ते आधी कळू दे," म्हणायचे. त्यांची बोटं कागदावरून फिरली की पुस्तकाला गुदगुल्या होत असाव्यात.

त्यांची कथा मला मामांकडून कळली. मुलगा आजारानं गेला. मागे हे आणि सून, दोघंच. मोठं घर सोडून दोन खोल्यांत जावं लागलं, आणि त्या धांदलीत सुनेनं काकांची सगळी पुस्तकं रद्दीत दिली. त्यांना न विचारता. त्या दिवसापासून काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती ताट वाढायची, ते जेवायचे. ती डबा भरायची, ते उचलायचे. दीड वर्ष एका छपराखाली दोन मुकी माणसं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, काका पुस्तक डोळ्यांच्या जवळ जवळ नेताहेत. आधी हातभर, मग वीतभर, मग नाकाला टेकेपर्यंत. एके दिवशी ग्रंथपाल बाई आमच्याजवळून जाताना थबकल्या. काका अगदी तल्लीन होऊन पानं उलटत होते. पुस्तक उलटं होतं.

बाई तशाच चार पावलं पुढे गेल्या, चष्मा काढला आणि उगाच पुसत उभ्या राहिल्या.

दोनच दिवसांनी काका डबा घरी विसरले आणि सून तो घेऊन आली. शिवणकारखान्यातून मधल्या सुट्टीत धावत आलेली. बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. बाईंनी तिला माझ्या आडोशाला घेतलं.

"तुमच्या सासऱ्यांना दिसत नाहीये. माहीत आहे तुम्हाला?"

ती मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, रागानं बघत नाहीत माझ्याकडे."

तिनं माझा दांडा क्षणभर धरून ठेवला. 

तिनं डोळे पुसले, माझ्यावरचं हाताला लागेल ते पुस्तक उचललं आणि काकांच्या समोर जाऊन बसली. समोर 'शांतता राखा'ची पाटी. तिनं खालच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. शाळा सुटल्यापासून तिनं असं वाचलेलं नसावं. गाडी खडीवरून जावी तसं वाचन चाललं होतं. काका दगडासारखे बसले होते. पान संपत आलं आणि ते एकदम म्हणाले,

"तिथे स्वल्पविराम आहे. थांबायचं."

दीड वर्षानंतरचे हे पहिले शब्द! तिनं पानाकडे पाहिलं. होता.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"वाक्य कुठे श्वास घेतं ते कळतं मला. जन्म गेलाय त्यात. वाच पुढे."

मग ती रोज मधल्या सुट्टीत यायला लागली. पण वाचनकक्षात एक निवृत्त हेडक्लार्क होते; वर्तमानपत्राच्या नावापासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचायचे. चौथ्या दिवशी त्यांचा पारा चढला.

"बाई, हे ग्रंथालय आहे की बालवाडी? नियम म्हणजे नियम!"

काका लगेच काठी शोधू लागले. "चल गं, जाऊ आपण. दुसऱ्याच्या वाचनात आपण माती कालवायची नाही."

सून उठलीच होती.  आज गेले तर हे दोघं पुन्हा त्या दोन खोल्यांत जाऊन मुके होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मामा, मागच्या खोलीची किल्ली आणा."

मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि तुटक्या खुर्च्या होत्या. मामांनी माझ्यावर लादून तासाभरात खोली रिकामी केली. माझं एक चाक तेव्हाच कायमचं वाकडं झालं. त्याचं मला काही वाटत नाही.

त्या खोलीत वाचन रुजलं. आधी ती दोघंच. मग दाराशी एक नर्सबाई टेकल्या. मग रात्रपाळी करून आलेला पहारेकरी. तो ऐकता ऐकता झोपायचा आणि वाचन थांबलं की जागा व्हायचा. महिनाभरानं हेडक्लार्क वर्तमानपत्र घेऊन खोलीबाहेरच्या बाकावर बसू लागले. एकदा भिंतीपलीकडून आवाज आला, "जरा मोठ्यानं वाचा हो, शेवटचं ऐकू नाही आलं!" खोलीत असा हशा पिकला की काकांना ठसका लागला.

एका दुपारी वाचता वाचता सून मध्येच थांबली.

"बाबा, तुमची पुस्तकं... मी विचारायला हवं होतं तुम्हाला. त्या दिवसांत मला काही सुचतच नव्हतं. हे गेले, आणि मी नुसतं आवरत सुटले."

पहारेकरी जागा झाला. 

काका म्हणाले, "मीही एकदा तरी विचारायला हवं होतं, तू कशी आहेस." आणि मग, "कोणकोणती होती, आठवतंय तुला?"

"नावं नाही आठवत. एक निळ्या पुठ्ठ्याचं होतं. एकाच्या कडा उंदरानं खाल्लेल्या..."

ती रूप सांगत गेली, काका नाव सांगत गेले, बाई लिहीत गेल्या. मग मामांनी मला बाहेर काढलं आणि आम्ही कपाटांमधून फिरलो. वाकड्या चाकानं, लंगडत. इतक्या वर्षांत मी पुस्तकं जागेवर ठेवायला गेले होते. जागेवरून आणायला त्या दिवशी पहिल्यांदाच गेले. अकरा सापडली.

काकांनी एकेकावरून हात फिरवला. "माझी नव्हेत ही," ते म्हणाले. "पण तीच आहेत."

त्या अकरांपैकी नऊ वाचून झाली. दहाव्याच्या मध्यावर काका गेले. बारा-तेरा दिवसांनी ती एकटीच आली, खुणेचं पान उघडलं, रिकाम्या खुर्चीकडे क्षणभर पाहिलं आणि पुढे वाचू लागली.

आता पुढच्या दालनात नवी लोखंडी ढकलगाडी आली आहे. तिचा आवाज अजिबात येत नाही. मी मागच्या खोलीतच असते. माझ्या फळ्यांवर ऐकणाऱ्यांच्या पिशव्या, चष्मे, पाण्याच्या बाटल्या. मला मोडीत काढायचं एकदा ठरलं होतं. तेव्हा हेडक्लार्क बाईंना म्हणाले, "मग मी चष्मा कुठे ठेवू?" विषय तिथेच संपला.

एकच मागणं आहे. तुमच्या गावातही असं एखादं दार असेल. ते लोटून आत जा. वाचता येत असेल तर कुणासाठी तरी वाचा. डोळे थकले असतील तर नुसते बसा.

आणि आता मला गप्प बसायला हवं. खुर्च्या सरकताहेत, तिनं पुस्तक उघडलंय.