गुण्या आणि माया

मिस्त्रींच्या डोळ्यांत फूटपट्टी बसवलीय, असं त्यांच्या गिऱ्हाइकांमध्ये बोललं जायचं. फळी उचलायची, एक डोळा मिटून तिच्या काठावरून नजर टाकायची, "मधे केसभर पोट आलंय" असं पुटपुटायचं आणि रंध्याचे दोन हात मारायचे, की फळी सरळ. मापाची हत्यारं म्हणाल तर काटकोन बघायचा एक गुण्या होता, तोही कोपऱ्यात झिजलेला, आणि एक घडीची पट्टी होती, जिचे आकडे केव्हाच पुसून गेले होते. त्यांचं कधी अडलं नाही.

त्यामुळे बेकरीवाल्याच्या नव्या दुकानाच्या खिडकीसाठी आणलेली फळी मधोमध लाटेसारखी हलली, तेव्हा दोष फळीचाच, याबद्दल मिस्त्रींच्या मनात शंका नव्हती. त्यांनी वखारवाल्याला चार शब्द सुनावले आणि फळी परत पाठवली. दुसरी आली, तीही हलली. मग वखारवाला स्वतः आला. जुना ओळखीचा माणूस. त्याने फळी उलटीपालटी करून पाहिली आणि मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. तो गेला त्या दाराकडे मिस्त्रींनी पाहिलं. दाराची चौकट, त्यांनीच बसवलेली, पाण्यात पडलेल्या सावलीसारखी हलत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चौकोनांचा कागद समोर धरला.

"रेघा कशा दिसतात?"

"वारा सुटलाय त्यांच्यात," मिस्त्री म्हणाले.

पडद्याच्या मधल्या भागाला सूज आहे, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. इंजेक्शनांनी ती वाढायची थांबेल, पण गेलेली सरळ रेघ परत येईलच असं नाही, हे बाईंनी शांतपणे समजावलं. मिस्त्रींनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी करवतींना तेल लावलं, कापडात गुंडाळल्या आणि कारखान्याला कुलूप घातलं. बेकरीवाल्याला निरोप धाडला, दुसरा कोणी बघ.

मग दुपारी लांबत गेल्या. त्यांची बायको शिवणकाम करायची, सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. ती मशीनवर बसलेली असायची आणि मिस्त्री खाटेवर पडून बघत राहायचे. खिडकीचे गज पाण्यातल्या वेलींसारखे डुलायचे. कपाटाची कड श्वास घ्यायची, आत, बाहेर. फरशीचे सांधे वाहत वाहत भिंतीपाशी जायचे. कधी कधी त्यांना वाटायचं, घराचे दोर कोणीतरी सोडलेत, ते संथ नदीतून कुठेतरी निघालंय आणि मशीनचा आवाज हा त्याच्या इंजिनाचा आवाज आहे. गंमत म्हणजे त्यांना ते आवडायला लागलं होतं. उठावंसं वाटत नव्हतं. कुठे पोचायचंय असं विचारावंसंही वाटत नव्हतं.

टेलरबाईला मात्र ते बघवत नव्हतं. आजारी माणसाने चिडचिड केली तर तिला चाललं असतं. हे असं गालात हसत पडून राहणं तिला झेपेना.

"उद्या बाजारात जायचंय," एका दुपारी ती दोरा तोडत म्हणाली.

"काय आणायचंय?"

"तुमची हत्यारं. मापाची, रेघा मारायची. चांगली, नेमकी."

"मला? मी कधी घेतली का असली?"

"घेतली नाहीत म्हणूनच घ्यायचीत. तुमचे डोळे रुसलेत. हात कुठे रुसलेत?"

"अगं, पट्टी वाचायला तरी डोळेच लागतात ना."

"माझे आहेत की. चष्मा धरून चार."

मिस्त्री कुशीवर वळले. पण सकाळी तिने त्यांचा धुतलेला सदरा खुर्चीवर काढून ठेवला होता आणि स्वतः चपला घालून दारात उभी होती. तिच्या तोंडाला लागण्यापेक्षा सदरा घालणं सोपं होतं.

दुकान कुलपांच्या दुकानाच्या माडीवर होतं. लाकडी जिना चढून गेलं की एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं आणि टोकाला एक खिडकी. काचांवरून परतलेला उजेड खोलीभर तरंगत होता. कपाटांत पोलादी पट्ट्या, गुणे, कर्कटकं ओळीने टांगली होती, म्हणजे असावीत. मिस्त्रींना दिसली ती एका संथ वळणात पोहत चाललेली चंदेरी मासोळ्यांची झुंड. ते दारातच थांबले. पाण्यात पाऊल टाकायच्या आधी माणूस थांबतो तसे.

"या, बसा," आतून आवाज आला. दुकानाची मालकीण पांढऱ्या केसांची, ठेंगणी बाई होती. बोटांना मशीनच्या तेलाचा वास. "काय काम करता?"

मिस्त्री तोंड उघडायच्या आत टेलरबाईने सगळं सांगून टाकलं. फळी, वखारवाला, चौकोनांचा कागद, खाटेवरच्या दुपारी, सगळं. मिस्त्रींचे कान तापले. आपली अब्रू जिन्यावरून गडगडत खाली चाललीय असं त्यांना वाटलं.

मालकिणीने हळहळ वगैरे काही केलं नाही. तिने कपाट उघडलं. "डोळे मिटा," ती म्हणाली.

"आँ?"

"मिटा हो. त्रास देतात ना ते?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. तळहातावर काहीतरी गार आणि जड ठेवलं गेलं. पोलादी पट्टी. "हिच्या रेघा छापलेल्या नाहीत, कोरलेल्या आहेत," मालकीण सांगत होती. "नख फिरवून बघा. मोठ्या रेघा लांब आहेत, लहान आखूड. काठापासून नख आत न्या, कळेल."

त्यांनी अंगठ्याचं नख काठावरून सरकवलं. नखाखाली बारीक, सारख्या अंतरावरची टकटक. जणू दुरून कोणीतरी मोजूनमापून पावलं टाकत येतंय. ते पुन्हा सुरुवातीला गेले, पुन्हा शेवटापर्यंत आले. आणि मिटलेल्या पापण्यांआड, जिथे इतके दिवस काहीच उभं राहिलं नव्हतं, तिथे एक रेघ उभी राहिली. ताठ, बारीक, चमकती. ती हलत नव्हती. मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मालकिणीने घाई केली नाही.

"आता गुण्या," मालकीण म्हणाली. तिने एक गुळगुळीत फळी टेबलावर ठेवली. "पेन्सिल नको. तुम्ही चाकूने रेघ ओढायची. पेन्सिलीची रेघ डोळ्याला कळते, चाकूची बोटाला. उद्या त्याच रेघेत पटाशी ठेवलीत की ती आपोआप बसेल, बघावं लागणार नाही."

गुण्याचा जाड दांडा फळीच्या काठाला टेकवायचा, पात्याला लागून रेघ ओढायची, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ ओढायची. गुण्या खरा असेल तर रेघेवर रेघ बसते. हे मिस्त्रींना ठाऊक होतं, पण करायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी दोन्ही रेघा ओढल्या. चाकूला चांगली धार होती, लाकडाने कुरकुर केली नाही.

टेलरबाई चष्मा सावरून वाकली. "एकच रेघ आहे. उत्तम. हा घेऊन टाकू."

मिस्त्रींनी नख फिरवलं. खालून वर नेलं, पुन्हा नेलं. "दोन आहेत," ते म्हणाले.

"अहो, मी बघतेय ना. एकच आहे."

"खाली एक. वर गेलं की दोन होतात. कात्री उघडावी तशा. अगदी थोड्या."

मालकिणीने घड्याळजींसारखं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ फळीवर वाकून राहिली. मग तिने तो गुण्या उचलून खालच्या खणात टाकला आणि खण बंद केला. "दोन आहेत," ती म्हणाली. "हा मी परत पाठवते. दुसरा बघू."

दुसऱ्या गुण्याची रेघ नखाला एकच लागली. भिंगालाही एकच दिसली. मिस्त्रींनी तो हातात घेतला आणि किती दिवसांनी त्यांचे खांदे सैल झाले. पुढची खरेदी त्यांनी डोळे मिटूनच केली. गेज नावाचं हत्यार घेतलं, ज्याचा ठोकळा काठाला लावून ओढला की काठापासून हव्या तेवढ्या अंतरावर बारीक चर पडतो. त्याचं अंतर आकड्यांनी नाही, पटाशीच्या रुंदीवरून लावता येतं, हे कळल्यावर ते इतके खूष झाले की त्यांनी चार वेळा लावून बघितलं. चाकू घेतला. पट्टी घेतली. मग निघता निघता त्यांचा हात काचेच्या एका नळीला लागला.

"हे काय?"

"पाणसळ," मालकीण म्हणाली. "सपाटी बघायची. पण ती डोळ्यांनीच बघावी लागते."

मिस्त्रींनी डोळे उघडले आणि नळी जवळ धरली. हिरव्या पाण्यात एक बुडबुडा होता. आजूबाजूच्या खुणा वाकल्या होत्या, नळीही वाकली होती. बुडबुडा मुळातच गोल, मऊ, हलणारा. त्याचं काहीच बिघडलं नव्हतं.

"हीपण द्या," ते म्हणाले.

"काय उपयोग तिचा?" टेलरबाई कुजबुजली.

"उपयोग नाही. मला हवीय."

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि पिशवीतून पैसे काढले. परतताना बसमध्ये तिला डुलकी लागली, डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. मिस्त्रींच्या मांडीवर पाणसळ होती. वळणावर बुडबुडा एका टोकाला जायचा, पुन्हा मधे यायचा. बाहेर इमारती हळूहळू वितळत मागे जात होत्या, आणि ते त्यांच्यामधून, झोपलेल्या बायकोला धक्का लागू नये म्हणून ताठ बसून, घरी आले.

कारखान्याचं कुलूप उघडलं त्या दिवशीच भांडण झालं. ठरलं असं होतं, की तिने माप घेऊन खुणा करायच्या आणि त्यांनी कापायचं. सरावासाठी साधं चार पायांचं स्टूल. मिस्त्रींनी रेघेला लागून एक सरळ ठोकळा आवळला, करवत त्याला टेकवून चालवली, चारही आडव्या पट्ट्यांची टोकं तासून त्यांची कुसवं तयार केली आणि पायांच्या खाचांत बसवायला घेतली. एकही जाईना. सगळी जाड.

"किती माप धरलंस तू?"

"बरोबर धरलं. वर थोडी माया सोडली."

"काय सोडलीस?"

"माया. शिवण घ्यायला नको का? मापाला माप कापलं तर कापड पुरतं का?"

मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवली. "लाकडात माया सोडत नाहीत, बाई."

"म्हणून तर तुम्ही लोक असे," ती म्हणाली आणि चहा टाकायला निघून गेली.

मिस्त्री एकटेच राहिले. त्यांनी एक कुसू हातात घेतलं, खाचेवर टेकवलं आणि डोळे मिटले. कुठे अडतंय ते अंगठ्याला कळत होतं. पटाशीने कागदासारखी पातळ साल काढली. पुन्हा टेकवलं. पुन्हा साल. लाकूड हळूहळू आत सरकू लागलं, हट्ट सोडत चाललेल्या मुलासारखं. शेवटी ते एका दबक्या आवाजासरशी बसलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आधीच मापाला माप कापलं असतं तर हातांनी शोधायला काही उरलंच नसतं. इतकी वर्षं नजर ते एका दमात उरकायची. आता हातांना वेळ लागणार होता, आणि तो वेळ त्या जादा लाकडातच होता.

चहा आला. त्यांनी कप घेतला. "किती सोडतेस साधारण?"

"नखाएवढी."

"तेवढीच सोडत जा," मिस्त्री म्हणाले. टेलरबाईने स्टुलाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि जिंकल्याचं तोंडावर दिसू दिलं नाही. पण त्या दिवशी चहात साखर जास्त पडली होती.

बेकरीवाल्याने दुसरा कोणी बघितलाच नव्हता. दुकान उघडं होतं आणि खिडकीच्या जागी भोकावर ताडपत्री मारलेली. "तुम्ही सांगाल तेव्हा," तो म्हणाला, "तोवर पाव खाऊन माशा लठ्ठ होतायत, एवढंच." खिडकीला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागले. इंजेक्शनांच्या दिवशी कारखाना बंद. बाकी दिवशी एकीचा चाकू आणि एकाची पटाशी. रेघ कोणी ओढली यावरून वाद, दोघांच्याही केसांत भुसा. लाटा पुढे वाढायच्या थांबल्या, पण गेल्या नाहीत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तशाच. दुपारी थोडा वेळ मिस्त्री अजूनही खाटेवर पडत आणि घर नदीतून निघालेलं बघत. फक्त आता तासाभराने उठत.

खिडकी बसवली ती सकाळी. बेकरीवाला रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, मान तिरकी करून, एक डोळा मिटून, अगदी मिस्त्री बघायचे तसा. "सुतासारखी सरळ," तो ओरडून म्हणाला.

मिस्त्रीही पलीकडे गेले. त्यांना दिसत होती एक सुंदर, हिंदकळणारी खिडकी, सकाळच्या उन्हात सैल झालेली. काचेत रस्ता, माणसं, सायकली, सगळं एकमेकांत वाहत होतं.

"कशी दिसते?" टेलरबाईने विचारलं.

"हलतेय."

तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, "सरळ आहे हो. मी चारदा बघितलं."

"सरळ आहे हे मला माहीत आहे. मीच बसवलीय. पण हलतेय तीही छान दिसते. तुला दाखवता आली असती तर बरं झालं असतं."

"मग सांगा की," ती म्हणाली. बेकरीवाल्याने गरम पावाची पिशवी तिच्या हातात दिली होती. दोघं समोरच्या पायरीवर बसली. तिने पाव मोडून अर्धा त्यांना दिला, आणि मिस्त्री सांगू लागले, वरच्या कोपऱ्यापासून, एकेक.