दोन चादरींचे पोहे

शेवंतीने दोरीवरचा शेवटचा टॉवेल ओढला आणि वारा एकाएकी पडला. तिने मान वळवून वडाळ्याच्या बाजूला पाहिलं. मघाशी तिकडे नुसता पिंजलेल्या कापसासारखा ढग होता; आता त्याचं बूड काळंभोर झालं होतं. जूनचा पाऊस समुद्राकडून सांगून-सवरून येतो. नवरात्र सरल्यावरचा हा मात्र पाठीमागून, जमिनीवरून येतो. दुपारी कातडी भाजणारं ऊन, चहाच्या वेळी गडगडाट, आणि कप विसळेपर्यंत पुन्हा ऊन.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला दोन चादरींवर दिवाळीच्या चिवड्याचे पोहे वाळत होते. कडेला विटा ठेवलेल्या. आसपास कोणी नाही.

शेवंतीने यंदा पोहे आणलेच नव्हते. नवऱ्याला, रामचंद्रला, जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं, आणि वर्षाच्या आत घरात फराळ करायचा नसतो. शेजारीपाजारी आणून देतात. नायगावच्या चाळीत हे कोणाला सांगावं लागलं नसतं. पण चाळ पाडली, चिठ्ठ्या टाकून या टॉवरमध्ये घरं मिळाली, आणि जुने शेजारी कुठल्या कुठे पांगले. इथे सांगायचं कोणाला? आणि अशी गोष्ट आपण होऊन सांगायची तरी कशी?

"आई, इथे कोणाच्या वस्तूला हात लावू नकोस हां," दीपेशने बजावलं होतं. चपलांच्या स्टँडवरून मजल्यावर भांडण झाल्यापासून सगळी दारं बंदच असायची. तिला अजून कोणी ओळखत नव्हतं. निदान वाईट कारणाने तरी ओळखू नये, एवढंच तिला वाटे.

एक टपोरा थेंब तिच्या मनगटावर पडला.

टॉवेल खांद्यावर टाकून ती धावली. पहिल्या चादरीची टोकं गोळा करतेय तोवर वारा उलटा फिरला, दुसऱ्या चादरीचं टोक विटेखालून सुटलं आणि मूठभर पोहे उडाले. तिने विचार केला नाही. दुसऱ्या चादरीवरचे पोहे पहिलीत लोटले, गाठोडं छातीशी धरलं आणि जिन्याच्या खोलीत शिरली. मागे पाऊस धाडकन कोसळला.

गाठ सैल करून पाहिलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. एका चादरीवरचे पोहे पातळ होते, दुसरीवरचे नायलॉनचे, त्याहून नाजूक. आता सगळे एक झाले होते.

जिन्यात चपला फटफटल्या. चष्मा लावलेली, उंच बाई आधी वर आली. हिला शेवंतीने लिफ्टमध्ये पाहिलं होतं. पूर्वी पोलीस लाईनीत राहणाऱ्या पद्मजाबाई. मागून धापा टाकत एक जाडसर बाई.

"गेले माझे पोहे!" ती ओरडली.

"नाय गेले," शेवंती म्हणाली. "हे बघा. पण... मिसळले."

पद्मजाबाईंनी पोह्यांत हात घातला. "अहो, माझे नायलॉनचे आहेत! हिचे भाजेपर्यंत माझे करपतील. वेगळे नाही का उचलता आले?"

"उचलायला माणूस होतं हेच नशीब," मागची बाई पायरीवर बसत म्हणाली. "मी गुणवंती. चौदावा माळा. तुम्ही हिचं मनाला लावून घेऊ नका हां. ही देवाला पण नावं ठेवते."

"तू गप गं."

"मी कशाला गप? तुझा मोबाईल सकाळपासून सांगत होता, स्वच्छ ऊन. त्यालाच विचार आता, पोहे कसे वेगळे करायचे."

पद्मजाबाईंच्या ओठाचा कोपरा हलला.

"आणि तुमचे कुठायत हो?" गुणवंतीने विचारलं. "तुम्ही नाय घातलेत वाळत?"

शेवंतीने खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"यंदा आमच्याकडे नाय करत," ती म्हणाली.

पोह्यांतला हात थांबला.

"कधी?" पद्मजाबाईंनी हळू विचारलं.

"वैशाखात. इथे यायच्या आधीच. घर बघितलंच नाय त्यांनी."

गुणवंती सरकली आणि तिने शेवंतीला पायरीवर जागा करून दिली. तिघी बसून राहिल्या. मग पाऊस आला तसाच थांबला. गच्चीवर लख्ख ऊन पडलं आणि ओल्या लाद्यांवरून वाफ निघू लागली.

पद्मजाबाईंनी गाठोड्याची गाठ मारली. "आता वेचत कोण बसणार? मंद आचेवर एकत्रच भाजू."

"तुझ्याकडे की माझ्याकडे?"

"जिची कढई मोठी तिच्याकडे."

"म्हणजे माझ्याकडेच," गुणवंती उठली.

त्या दोघी पुढे उतरू लागल्या. वळणावर पद्मजाबाई थांबल्या आणि चष्मा पदराला पुसत त्यांनी वर पाहिलं.

"तुमच्या घरी तिखट कितपत लागतं हो?"

शेवंतीने टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला.

"नातीला कमी," ती म्हणाली. मग कठड्याला धरून एक पायरी खाली आली. "पण शेंगदाणे भरपूर लागतात."