समासातली पेन्सिल

"आधी हात धुऊन या," ताई म्हणाल्या. "साबण उजव्या बाजूला आहे."

बाइंडर निमूटपणे बेसिनपाशी गेला. चाळीस वर्षं पुस्तकांना खळ लावून त्याच्या बोटांची टोकं कायमची पांढुरकी झाली होती. ती कितीही चोळली तरी मळकीच दिसत. तरी त्याने दोनदा साबण लावला. परत आला तेव्हा ताईंनी जेवणाच्या टेबलावर धुतलेला टॉवेल पसरून त्यावर पुस्तक ठेवलं होतं.

पुस्तक पाहिल्याबरोबर बाइंडरला कळलं की हे खरं पुस्तक आहे. इतक्या वर्षांत त्याची एक परीक्षा ठरून गेली होती. पाककृतींचं जुनं पुस्तक कोरंकरकरीत मिळालं तर त्यावरून कोणी कधी काही रांधलेलं नसतं, ते लग्नात भेट आलेलं असतं आणि कपाटातच म्हातारं झालेलं असतं. ज्यावरून घरं जेवली, ती पुस्तकं तेलाने, वाफेने आणि ओल्या हातांनी केव्हाच संपलेली असतात. म्हणून ती सापडत नाहीत. हे मात्र वापरून वापरून मऊ झालेलं होतं आणि तरीही एकशे बारा पानं शाबूत होती.

"आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती," ताई सांगू लागल्या. "पथ्याचं जेवण करायची. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनीच तिच्या मागे लागून हे लिहून घेतलं. छापून आलं, त्यानंतर चार वर्षांत ती गेली. मी नऊ वर्षांची होते. आता त्र्याहत्तर पूर्ण."

बाइंडरने मनातल्या मनात वजाबाकी केली. चौसष्ट. म्हणजे हक्क सुटलेला होता.

हा हिशेब करायला त्याला शिकवलं होतं प्रकाशकाने. प्रकाशक म्हणजे एकेकाळचा खिळ्या. दोघंही एकाच साली एकाच छापखान्यात चिकटले होते. तो शिशाचे खिळे जुळवायचा आणि हा घडी घातलेल्या सोळा-सोळा पानांचे फर्मे शिवायचा, म्हणून एक खिळ्या आणि दुसरा दोऱ्या. पुढे खिळ्या प्रकाशक झाला, त्याला काचेची केबिन आली. दोऱ्या सुई धरूनच राहिला आणि त्याचं त्याला कधी काही वाटलंही नाही. खिळ्याच्या केबिनमध्ये त्याला निरोप न देता आत जाता येत असे, एवढं त्याला पुरेसं होतं.

दोन वर्षांपूर्वी खिळ्याच्या डोक्यातून एक नामी कल्पना निघाली होती. लेखक जाऊन साठ वर्षं लोटली की पुस्तकाचा कॉपीराइट संपतो, मग ते कोणीही छापावं. अशी पाककृतींची जुनी पुस्तकं शोधायची आणि देखणी करून पुन्हा बाजारात आणायची. शोधायला दोऱ्यासारखा माणूस नव्हता. गावातल्या झाडून सगळ्या वाचनालयांची पुस्तकं त्याच्या हातून शिवून गेलेली होती. कुठल्या कपाटाच्या तळाशी काय पडलंय आणि कुठल्या घरातल्या म्हाताऱ्या बाई काय जपून आहेत, हे त्याला तोंडपाठ होतं. आतापर्यंत सहा पुस्तकं त्याने काढून दिली होती. ताईंचं सातवं.

"एक सांगते," ताईंनी पान उघडलं. "हे बघा."

छापील मजकुराच्या बाजूला, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. वर, खाली, जागा मिळेल तिथे. हे पान बटाट्याच्या पातळ सुपाचं होतं. 'तीन नंबरच्या आजोबांनी वाटी संपवली. आणखी मागितलं, दिलं नाही, रडले.' त्याच्याखाली निराळ्या दिवशीचं होतं, कारण या वेळी पेन्सिलीला टोक होतं. 'घरी केलं. बाळीला ताप. चार चमचे पोटात, पाचवा माझ्या अंगावर.'

"बाळी म्हणजे...?"

"मीच की. दुसरं कोण असं थुंकणार?" ताई हसल्या. मग गंभीर झाल्या. "छापलेलं तुम्ही खुशाल छापा. तिचं नाव पुन्हा एकदा पुस्तकावर यावं अशी माझी फार इच्छा आहे. पण हे समासातलं नाही छापायचं. हे घरचं आहे. आणि पुस्तक मला परत हवं."

"जसं नेतोय तसं आणून देईन," बाइंडर म्हणाला. "माझा शब्द."

हा शब्द त्याने सहज दिला नव्हता. त्याच्या हातून आजवर एकही पुस्तक हरवलेलं नव्हतं की कुठल्या पुस्तकाचं पान पुढेमागे झालेलं नव्हतं. शिक्षण, पैसा, नाव यांतलं काहीच त्याच्यापाशी नव्हतं. लोक डोळे मिटून पुस्तक हातात देतात, एवढीच काय ती त्याची आयुष्यभराची कमाई होती.

दुसऱ्या दिवशी खिळ्याने पुस्तक हातात घेतलं आणि तो लहान पोरासारखा खूश झाला. "दोऱ्या, लेका, खजिना आणलास! पण हे उघडत नाही नीट. पान सपाट बसलं नाही तर स्कॅनिंगला मधली अक्षरं जातात. शिलाई उसवून देशील?"

"माझ्यासमोर होणार असेल तर देतो. सुटे फर्मे मी दुसऱ्याच्या हाती देत नाही, माहीत आहे तुला."

"अरे, मी परका आहे का?"

बाइंडरने घरी बसून शिलाई उसवली. जुना दोरा त्याने कापला नाही, सुईच्या टोकाने एकेक टाका सोडवून काढला आणि पुन्हा वापरता यावा म्हणून गुंडाळून ठेवला. सात फर्म्यांना सात चिठ्ठ्या लावल्या. समासातलं त्याने वाचलं नाही. बायको चहा घेऊन आली ती मान तिरकी करून वाचायला लागली, तर त्याने फर्म्यावर हात ठेवला.

"दुसऱ्याची पत्रं वाचतेस का?"

"पत्र कुठंय? पुस्तक तर आहे."

"पत्रच आहे ते."

"बरं बाई, नाही वाचत. पण ते सुटं सुटं त्याच्या ताब्यात द्यायला निघालात होय? तुमचा तो खिळ्या गोड बोलतो, म्हणून म्हणते."

"चाळीस वर्षं ओळखतोय त्याला."

"आणि मी तीस वर्षं बघतेय," बायको म्हणाली आणि कप उचलून गेली.

बाइंडरने गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली. 'पाने कापू नयेत. मूळ मालकिणीला परत करणे.' गठ्ठा त्याने खिळ्याच्या हातातच दिला. स्कॅनिंगला आपण थांबतो म्हणाला, तर खिळ्या म्हणाला मशीन पुढल्या आठवड्यात मोकळं होणार आहे, तू कशाला हेलपाटे घालतोस? त्या आठवड्यात बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बाइंडर दवाखान्यात गुंतला. त्यात तीन आठवडे गेले.

मग एका सकाळी तो नेहमीसारखा केबिनमध्ये शिरला, तेव्हा टेबलावर नव्या पुस्तकांची चळत होती. गुळगुळीत कागद, झकास मांडणी, ताईंच्या आईचं नाव ठसठशीत छापलेलं. बाइंडरला अगदी भरून आलं. एक प्रत त्याने ताईंसाठी बाजूला काढली.

"आणि मूळचं पुस्तक दे. शिवून नेऊन देतो त्यांना."

खिळ्याने फोन उचलला, पुन्हा ठेवला. मग खालच्या खणातून एक पाकीट काढून पुढे सरकवलं. बाइंडरने पाकीट हातावर तोललं. पुस्तकाचं माप त्याच्या हाताला ठाऊक होतं, आणि हे तेवढं नव्हतंच.

आत एकेक सुटं पान होतं. फर्म्यांच्या घड्या कापलेल्या होत्या. वरून, खालून आणि बाजूने कडा एका रेषेत तासलेल्या होत्या. मधोमध छापील मजकूर तेवढा शिल्लक होता आणि पेन्सिलीचं एक अक्षरही उरलं नव्हतं. नाही म्हणायला एका पानाच्या कडेला कुठल्याशा वेलांटीचं अर्धं टोक राहून गेलं होतं.

"कोणी कापलं हे?" बाइंडर उठलाच. "कटिंगवाला कुठंय? चिठ्ठी लावली होती मी! त्याला वाचता येत नाही का?"

"बस, दोऱ्या."

"बसत नाही. बोलाव त्याला."

"मीच सांगितलं कापायला," खिळ्या म्हणाला. "चिठ्ठी वाचली होती मी."

कोणी घोटाळा केला असता, कोणी विसरलं असतं, चुकून पान मशीनखाली गेलं असतं, तर बाइंडरने चार शिव्या हासडल्या असत्या आणि शेवटी समजून घेतलं असतं. चिठ्ठी वाचून कापल्यावर समजून घ्यायला उरलंच काय?

"वकिलाला विचारलं मी," खिळ्या समजुतीच्या सुरात सांगू लागला. "छापलेल्या मजकुरावर आता कोणाचा हक्क नाही. ते कोणाचंच नाही. पण हाताने लिहिलेलं कधी छापलं गेलेलं नाही, त्याचं निराळं असतं म्हणे. उद्या त्या बाईंच्या नातेवाइकांपैकी कोणी ते कागद घेऊन उभं राहिलं, की ह्या जुन्या प्रतीत आमचंही काही आहे, पुस्तक थांबवा, तर? सगळी आवृत्ती अडकून पडेल. समजून घे."

"त्यांना छापायचंच नव्हतं ते."

"आज नव्हतं."

"फोटो तरी काढून ठेवलेस का?"

"कापून मगच मशीनला लावलं. फोटो ठेवला तर पुन्हा तेच झेंगट." खिळ्याने नव्या प्रतीवरून हात फिरवला. "आणि तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. वाचलं मी सगळं कापायच्या आधी. विशेष काही नव्हतं त्यात. कोण किती जेवलं, कोणाला ताप, एवढंच."

"तू वाचलंस?"

"वाचल्याशिवाय कसं ठरवणार? शिवाय शिलाई तूच उसवून दिलीस ना? सुटंच होतं ते."

ते एक वाक्य त्याने बोलायला नको होतं. बाइंडरच्या कानशिलात वाजवल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. कोणासाठी मोडला नाही तो नियम त्याने ह्याच्यासाठी मोडला होता, आणि ह्याने तोच त्याच्यापुढे पुरावा म्हणून ठेवला होता.

"मजकूर कोणाचा नसेल," तो शेवटी म्हणाला. "कागद ताईंचा होता, खिळ्या."

त्याने पाकीट उचललं. ताईंसाठी बाजूला काढलेली नवी प्रत परत चळतीवर ठेवली आणि तो बाहेर पडला. कातरण कुठे टाकतात ते त्याला ठाऊक होतं. मागच्या अंगणात पोती असतात तिथे गेला, तर ती रिकामी होती. लगद्याच्या कारखान्याची गाडी दर सोमवारी येते, असं तिथल्या माणसाने सांगितलं. तीन सोमवार होऊन गेले होते.

पुढचे नऊ दिवस बाइंडरने दुसरं काम हाती घेतलं नाही. जुन्या कागदाच्या रंगाशी जुळेल असा कागद शोधून आणला, पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक पानाला तीन बाजूंनी नवा समास जोडला. जोड बोटाला लागू नये इतका पातळ खरवडला. कापलेल्या घड्या पुन्हा सांधून मूळ मापाचे फर्मे केले आणि जुन्याच दोऱ्याने, जुन्या भोकांच्याच जागी शिवले. असं काम त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. बायको रोज येऊन बघायची. तीस वर्षांचं ती पुन्हा काही बोलली नाही, त्यामुळे त्याला जास्तच लाज वाटत होती.

ताईंकडे तो दुपारी गेला. वाटेत त्याने दोन-तीन खोट्या गोष्टी रचून बघितल्या, पाणी सांडलं, वाळवी लागली. दार उघडल्यावर त्यातली एकही तोंडातून निघेना. उभ्यानेच त्याने सगळं सांगून टाकलं. शिलाई मीच उसवली, हे आधी सांगितलं.

ताईंनी पुस्तक हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"मामाने हे मला दिलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "एका दमात वाचून टाकलं तर संपून जाईल, म्हणून ठरवलं होतं. वर्षाला एक पान. वाढदिवसाच्या दिवशी. चौपन्न झाली होती."

बाइंडरला एकशे बारातून चौपन्न वजा करवेनात.

"तुम्ही शिवताना, उसवताना बघितलं असेल की काही. मागच्या पानांतलं आठवतंय का?"

"नाही हो ताई. दुसऱ्याचं म्हणून मी वाचलंच नाही."

"कोणीच नाही वाचलं?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "त्याने वाचलं होतं," बाइंडर म्हणाला. "कापायच्या आधी. सगळं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, विशेष काही नव्हतं."

ताईंनी मान हलवली. मग खुर्ची ओढून बसल्या, चष्मा लावला आणि पंचावन्नावं पान उघडलं. छापलेलं त्यांनी वाचलं नाही. नुसत्या कोऱ्या समासावरून नजर खाली नेली, पान उलटलं, छप्पन्नावं बघितलं.

"बसा," त्या मान वर न करता म्हणाल्या.

बाइंडर बसला नाही. त्या एकेक पान उलटत गेल्या, आणि एकशे बारावं होईपर्यंत तो उभाच होता.