कूलरपुढचा मानकरी

इकडेतिकडे पाहू नका. टीव्ही बंद आहे, घरात दुसरं कुणी नाही. बोलतोय तो मीच, काचेच्या पेटीतला काटेरी सरडा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्याकडे पाहून हसल्याशिवाय या घरातून आजवर कुणी चहा पिऊन गेलेलं नाही.

माझ्या जातीला 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात. मराठीत दाढीवाला सरडा म्हणा, म्हणजे निम्मा रुबाब उतरेल आणि विकत घेणाऱ्यांची निम्मी गर्दीही. माझे पूर्वज ऑस्ट्रेलियातल्या रखरखीत मुलखातले. मी तो मुलूख पाहिलेला नाही. माझा जन्म एका शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरचा, अंडी उबवायच्या पेटीतला. अंडं फोडून डोकं बाहेर काढलं तर समोर आई नव्हती, मोबाईल होता. तेव्हाच कळायला हवं होतं की माझ्या नशिबात आधी फोटो आणि मग घास.

मला विकत घेतलं अश्वजितनं. मोताळ्यात बसस्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मनानं वाईट नाही तो. वाईट माणसापासून सावध तरी राहता येतं. हौशी माणसाचं काय करायचं?

भोकं पाडलेल्या डब्यात, ट्रॅव्हल्सच्या गाडीतून मी इथं आलो. त्याच महिन्यात या घरात आणखी एक जीव आला. मंजुश्री, अश्वजितची बायको, लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरची. तिला डब्यातून नाही, फुलं लावलेल्या गाडीतून आणलं, एवढाच काय तो फरक. येणारे पाहुणे आम्हा दोघांना पाहायला यायचे. आधी तिला. मान खाली घालून ती चहाचा ट्रे फिरवायची आणि कुणीतरी म्हणायचं, "सून काही बोलत नाही वाटते." मग माझ्या डोळ्यांवर टॉर्च मारला जायचा. "हा बी बोलत नाही वाटते!" आणि सगळे खदाखदा हसायचे, जणू हा विनोद आदल्या पाहुण्यांनी केलाच नव्हता.

अश्वजितचा दोस्त अकील पहिल्याच दिवशी म्हणाला, "काऊन बे, घोरपड कायले आणली? जंगलखात्यावाले उचलून नेतीन तुले."

"घोरपड नाही बे, ड्रॅगन हाय. किंग नाव ठेवलं त्याचं."

"किंग? आन् किंगले पत्ताकोबी चारून राह्यला तू?"

अकीलच्या तोंडून आजवर निघालेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य. तेही त्यानं चेष्टेत घालवलं.

मला लागतात जिवंत किडे, अळ्या, नाकतोडे, आणि सोबत हिरवा पाला. वाढत्या वयात किडेच जास्त. मला मिळायची पत्ताकोबी, शिळी पोळी, चहात बुडवलेलं बिस्कीट. पेटीत बांधकामाची रेती पसरली होती, का तर मी वाळवंटातला. ती प्रत्येक घासाबरोबर पोटात जायची. काचेवर लग्नातून उरलेली निळ्या दिव्यांची माळ सोडली होती. उजेड झगमग, ऊब शून्य. खिडकीजवळ ठेवलं की झालं ऊन, असाही एक समज होता. अहो, काचेतून ऊन दिसतं. हाडांना लागणारं त्यातलं सत्त्व काचेबाहेरच अडतं.

कधी कधी घाबरून मी पुढचा एक पाय उचलून हळूहळू फिरवायचो. आमच्यात त्याचा अर्थ, 'मी लहान आहे, मला मारू नका.' इथं लगेच आरडाओरडा, "पाह्य, पाह्य, किंग टाटा करून राह्यला!" आणि पाच जण पाच मोबाईल घेऊन अंगावर. मग मी आणखी पाय हलवायचो. मग ते आणखी जवळ यायचे. शाळा शिकलेली माणसं ही.

मग मे महिना उजाडला. मोताळ्याचा मे म्हणजे पत्र्यावर पाणी शिंपडलं तर वाफ होऊनच उडतं. माझ्या रक्तानं आनंदानं उड्या माराव्यात असं ऊन दाराबाहेर पडलेलं. आणि दाराच्या आत अश्वजितच्या दयेला पूर आला.

"एवढ्या गरमीत मरन न जनावर," असं म्हणून त्यानं माझी पेटी उचलली, झाकण काढलं आणि ती थेट कूलरपुढे मांडली. वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून येणारा गार, दमट वारा सरळ माझ्या छातीवर. कूलरसमोरची जागा सासऱ्यांची, कचरूबाबांची. त्यांनी आपली खाट स्वतः बाजूला सरकवली. "मुकं जित्राब हाय, बसू दे त्याले," म्हणाले. केवढा हा मान! सुनेलाही तो मिळाला नव्हता. ती त्या वेळी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, आणि तिथं पंखाही लावत नाहीत, गॅसची ज्योत विझते म्हणून.

माणसांचं प्रेम मी जवळून पाहिलंय. स्वतःला जे गोड लागतं ते समोरच्याच्या तोंडात कोंबायचं. त्याचं पोट बिघडलं की कपाळाला हात लावायचा, 'एवढं केलं तरी!'

माझ्या अंगात तुमच्यासारखी चूल नाही. बाहेरच्या उन्हानं पोट तापलं तरच खाल्लेलं पचतं, नाहीतर आतल्या आत सडतं. कूलरपुढे बसून माझा रंग काळवंडला. श्वास घेताना छातीत करकर वाजू लागलं. मी खाणं सोडलं. ते पाहून अश्वजितनं उपाय वाढवला. दुपारी माझ्यावर फवाऱ्यानं गार पाणी मारू लागला.

एकदा सगळे झोपलेले पाहून मी पेटीतून बाहेर पडलो आणि सरपटत फ्रिजच्या मागं गेलो. तिथली जाळी कोमट असते. मी तिला पोट लावून पडलो. घरचे उठल्यावर घरभर धावाधाव. "लपून बसला साला," शोधायला बोलावलेला अकील म्हणाला. मंजुश्रीनं मला शोधून काढलं. पण उचलण्याआधी तिनं आपला तळवा त्या जाळीवर ठेवला, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला मुद्दाम खाली सोडलं आणि मी कुठं जातो ते पाहत उंबऱ्यात बसली. मी अर्थातच फ्रिजमागं गेलो.

या घरात मी कुठं जातो हे पाहणारी ती पहिली. बाकीचे मी कसा दिसतो तेवढंच पाहत होते.

रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, त्याला गार सोसत नसंल. तो उबेला जातोय."

"दुपारी बाहीर पंचेचाळीस डिग्री असते, मंजू. त्याले का भट्टीत घालू?"

"तुले काय कयते वं त्यातलं?" सासूबाई भीमाबाई म्हणाल्या.

"पण सून बोलली!" कचरूबाबा म्हणाले आणि सगळे पुन्हा हसले. ती काय बोलली ते त्या हसण्यात वाहून गेलं. भाजी छान झाली होती म्हणे.

माझे डोळे खोल गेले. शेपटीच्या मुळाशी हाडं दिसू लागली. अश्वजितला खरंच वाईट वाटत होतं, नाही असं नाही. वाईट वाटलं की माणसं निर्णय घेतात. त्यानं ठरवलं, रविवारी अकीलच्या गाडीवरून न्यायचं आणि राजूर घाटात सोडून द्यायचं. "मोकळा जगन बिचारा," म्हणाला.

मोकळा! पेटीत जन्मलेला, ताटलीतून जेवणारा, आजारी परदेशी सरडा घाटात मोकळा जगणार! पहिल्या घारीनं खाली झेप घेतली असती आणि अश्वजितनं घरी येऊन पुण्य केल्यासारखे पाय धुतले असते. मंजुश्रीनं ते ऐकलं. भांडी घासता घासता तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

रविवारी सकाळी गच्चीवर कुरडया घालायचं काम होतं. भीमाबाई, शेजारच्या विमलबाई आणि मंजुश्री. ऊन अजून कोवळं होतं. मंजुश्रीनं मला पदराखाली घेऊन वर आणलं आणि गच्चीच्या कोपऱ्यात एका तापू लागलेल्या विटेवर बसवलं. शेजारी टोपली तिरपी टेकवून सावली केली. विटेवर ऊन, टोपलीखाली गारवा, मधे वीतभर अंतर. नको झालं तर मला स्वतः उठून जाता यावं म्हणून. ज्यांना मला पाळायचंय त्यांनी बाकी सगळं विसरावं आणि हे वीतभर अंतर लक्षात ठेवावं. भर दुपारी बिनसावलीचं ठेवलं असतं तर ऊनसुद्धा मला मारूनच गेलं असतं.

पोटाखालची वीट गरम होती. पाठीवर खरंखुरं ऊन. मला रडता येत नाही. मी डोळे मिटले. काळा रंग हळूहळू ओसरून पिवळा वर आला.

"माय वं!" विमलबाई किंचाळल्या. "भीमाबाई, तुमच्या सुनेनं सरडा वाळू घातला!"

"मंजू! खाली ने त्याले. कुरडईवर चढन तो!"

मंजुश्री जागची हलली नाही. ती मागल्या वर्षीची ज्वारी चाळत होती. चाळणीत एक जाडजूड अळी वळवळली. एरवी अशा अळ्या कोंबड्यांना जायच्या. तिनं ती तळव्यावर घेतली आणि हात माझ्यापुढे धरला. मी खाल्लं नाही तर थोड्या वेळानं घाट, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी अळीकडे पाहिलं. मान तिरकी केली. आणि जीभ मारली.

दुसरी अळी. तिसरी. भीमाबाई हातात सोऱ्या घेऊन तशाच आल्या, गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या. "खाते वं हा!" म्हणाल्या. मग स्वतःच चाळणीत बोटं घालून अळ्या शोधायला लागल्या. "घे मेल्या, घे. कोबीनं तोंड वाकडं करत होता न? हे पाहिजे होतं तुले?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. अश्वजित खोकं घेऊन वर आला, मागून अकील.

"कुठी हाय किंग? ऊन तापायच्या आधी सोडून येऊ."

मंजुश्री उभी राहिली. "तो कुठंच जाणार नाही."

"भाभी, दोन दिवसांत मरन तो," अकील हसत म्हणाला.

"मरंल तर हितंच मरंल. आणताना त्याला काय लागतं ते विचारलं होतं का कुणाला?"

अश्वजितनं खोकं या हातातून त्या हातात घेतलं. "विचारलं तं. विकणारा म्हणे, याले काहीच लागत नाही."

"माझ्या बाबांनीबी लग्नाच्या बैठकीत तेच सांगितलं होतं," मंजुश्री म्हणाली. "आमच्या पोरीला काही लागत नाही."

अकीलचं हसू तोंडावरच राहिलं. विमलबाईंनी घाईघाईनं कुरडई घातली, ती वाकडी पडली. भीमाबाईंनी आणखी एक अळी माझ्यापुढे धरली. मग मुलाला म्हणाल्या, "खोकं ठेव खाली. खाणाऱ्या जित्राबाले घराबाहीर काढत नसतात."

त्या संध्याकाळी अश्वजित स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. माझी पेटी तेव्हा ओट्याजवळ, उबेला ठेवली होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं. म्हणाला, "तुले काय लागते, मंजू?"

तिनं तव्यावरची पोळी उलटली. "सांगते," म्हणाली. "आधी ही परात धरा."

आता माझ्या पेटीच्या एका टोकाला तापणारा दिवा आहे, दुसऱ्या टोकाला सावली. उन्हासारखा उजेड देणारी खास नळी अश्वजितनं शहरातून आणली. रेती गेली, जुने कागद आले. खाण्यावर हाडांसाठी पावडर पडते. मागच्या खोलीत माझ्यासाठी रातकिडे पाळलेत. ते रात्रभर किरकिरतात आणि भीमाबाई मला शिव्या देतात. छातीतली करकर गेली, पण पूर्ण नाही. गार वारा आला की वाजते. जनावरांच्या डॉक्टरांनी जन्मात माझ्यासारखा पाहिला नव्हता, त्यांनी आधी फोटो काढला. आता अकीलला माझी जोडी आणायची आहे, मी एकटा कंटाळत असेन म्हणून. आणा. आम्ही एकमेकांचे पाय तोडू, त्याचा व्हिडिओ छान होईल.

तुम्हीही मोबाईलवर माझा एखादा भाऊबंद पाहून ठेवला असेल. मी दहा-बारा वर्षं जगतो. हात-दीड हात लांब होतो. वीज गेली तर माझी ऊब जाते. तुम्ही आठ दिवस लग्नाला गेलात तर माझ्या रातकिड्यांना खायला कोण घालणार, हेही ठरवावं लागतं. काय लागतं हा एक प्रश्न विचारायला अश्वजितला अर्धमेला सरडा लागला. तुम्ही तो आणण्याआधी विचारा, आणि विकणाऱ्याला सोडून दुसऱ्या कुणाला तरी विचारा. उत्तर ऐकून जीव दमला, तर फार उत्तम. मला आणू नका. मनीप्लँट लावा. तो मेला तर निदान तुमच्याकडे पाहत मरत नाही.