मागचं वजन

नर्सरीवाल्या बाईंनी पुढे लोडर बसवलेला ट्रॅक्टर घेतला आणि तिसऱ्याच दिवशी, ओल्या खताने भरलेली बकेट उचलताना, त्याची मागची चाकं जमिनीवरून वीतभर उठली. बाईंनी बकेट कशीबशी टेकवली, खाली उतरल्या आणि आधी तांब्याभर पाणी प्यायल्या. तोल राखायला मागे अडकवायचं तयार वजन यायला महिना लागणार होता.

"महिना कशाला? काँक्रीटचा ठोकळा तर ओतायचा. दोन दिवसांचं काम," धाकटे दीर म्हणाले. आयुष्यभर लेथवर काम करून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात त्यांना कुणी काम सांगत नव्हतं.

दोन दिवसांचे चौदा झाले. भाऊजींनी आधी पिंप आणलं, मग ते गोल आहे म्हणून नाकारलं. मग फळ्यांचा साचा ठोकला. त्यातल्या एका फळीला अर्धा दिवस रंधा मारत बसले.

"ही नंतर काढूनच टाकायची ना?" बाईंनी विचारलं.

"पण ठोकळा गुळगुळीत यायला नको का, वहिनी?"

काँक्रीट बाईंनीच कालवलं, कारण भाऊजींची कंबर धरली होती. पुढे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ठोकळ्यावर पाणीही त्यांनीच मारलं.

फळ्या निघाल्या. समोरची बाजू खरंच आरशासारखी आली होती. भाऊजी मागे डोकावले आणि बराच वेळ तिथेच वाकून राहिले.

"वहिनी, एक बारीकशी अडचण आहे."

ट्रॅक्टरचे मागचे दांडे ज्यांना अडकवायचे त्या ठोकळ्यातल्या लोखंडी पिना शेडच्या भिंतीकडे होत्या. मध्ये जेमतेम चार बोटं जागा. रंधलेली फळी दर्शनी बाजूला यावी म्हणून भाऊजींनी ओतायच्या दिवशी साचाच फिरवला होता.

"सहाशे किलो तरी असेल," ते म्हणाले. आवाजात थोडा अभिमानही होता.

बाई तडक ट्रॅक्टरवर चढल्या. तोंड उघडलं असतं तर नातं राहिलं नसतं.

लोडरने उचलून पाहिलं, तर ठोकळा हलला नाही, मागची चाकं मात्र पुन्हा उठली. भाऊजी कागदावर कप्प्या आणि दोऱ्या काढू लागले. त्यांचं दुसरं चित्र होईपर्यंत बाईंनी पिनांच्या खालून ठोकळ्याभोवती साखळी गुंडाळली, ट्रॅक्टरला अडकवली आणि गाडी पुढे घेतली.

"सावकाश, वहिनी. कडा उडेल."

"उडू दे."

ठोकळा करकरत अंगणात आला. फरशीवर लांब चरा पडला आणि गुळगुळीत बाजूचा एक कोपरा गेला. बाईंनी साखळी सोडली, वळसा घालून ट्रॅक्टर पिनांच्या बाजूने मागे आणला. एक दांडा बोटभर कमी पडत होता. भाऊजींनी त्याला ग्रीस चोपडलं, हातोडीचे चार ठोके मोजून घातले, आणि तो बसला. तेवढं मात्र त्यांनाच जमलं असतं.

बाईंनी बकेट काठोकाठ भरून उचलली. मागची चाकं जागची हलली नाहीत.

भाऊजी तुटक्या कोपऱ्यावरून हात फिरवत होते. "एवढा मी उद्या भरून घेतो. त्यासाठी एक छोटा साचा..."

बाईंनी गिअर टाकला.