उसाकडं तोंड करून

आमच्या घरातलं स्वयंपाकघर कसं असावं हे ज्या तिघांनी ठरवलं, त्या तिघांना मिळून एक कप चहा नीट करता येत नाही. सासरे सावळाराम, आमचे मालक दादाभाऊ आणि धाकटा दीर संपत. गॅसचं बटण कुठल्या अंगाला फिरवलं की जाळ बारीक होतो, हे मालकांना लग्नाला चौदा वर्षं होऊनही ठाऊक नाही. संपतनं एकदा अंडी उकडायला ठेवली, पातेल्यात पाणी घालायचं राहिलं, आणि वर मलाच म्हणाला, "वैनी, अंडी खराब निघाली." असले हे तज्ज्ञ. दिवाळी झाल्यावर पंधरा दिवस ओसरीत मांडी ठोकून मोबाईलवर किचनचे व्हिडिओ बघत होते आणि एकमेकांना म्हणत होते, "हे लई भारी ए राव."

आता ह्यांना अचानक स्वयंपाकघराचा पुळका का आला? तर संपतचं लग्न जमेना. तेहतीस पूर्ण झाली. डिंगोऱ्यात आमचा मळा आहे, पाणी आहे, चार एकर ऊस आहे, पण हल्लीच्या पोरी मळ्यावर यायला तयार नाहीत. आणि का व्हाव्यात, मी तरी कोणत्या तोंडानं त्यांना 'या' म्हणू? तर कुणा मध्यस्थानं मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कानात भरवलं की पोरीकडचे आता जमीन बघत नाहीत, आधी किचन बघतात. झालं. मामांनी ठरवलं, दोन लाखांत नवीन किचन. त्याच्या वर एक रुपया नाही.

मला वाटलं, निमित्त काही का असेना, माझी मोरी होईल.

मोरीचं सांगते. आमच्याकडं भांडी घराच्या मागं घासतात. मागच्या दाराबाहेर एक फरशी आहे, तिच्यावर एक नळ, आणि नळापासून चार हातांवर ऊस सुरू होतो. संध्याकाळची भांडी म्हणजे सातचा सुमार. थंडीच्या दिवसांत तेव्हा काळोख पडलेला असतो, आणि आमच्या भागात उसात काय असतं ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गेल्या साली मी परात घासत होते आणि माझ्या समोरून, ह्या इथून, बिबट्यानं आमचा मोत्या उचलला. कुत्र्याचा आवाजसुद्धा निघाला नाही. परात माझ्या हातात तशीच राहिली. वनखात्याचा माणूस आला, त्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं, की अंधारात बाहेर वाकून, उकिडवं बसून काम करू नका. बसलेलं माणूस त्याला जनावराएवढं दिसतं. बसावंच लागलं तर एकटं नको, उजेड ठेवा, मोठ्यानं बोलत राहा. तिघांनी माना डोलावल्या. मालकांनी तर "बराबर ए साहेब" असंही म्हटलं. मग तो माणूस गेला, आणि सात वाजता मी भांडी घेऊन मागं गेले.

तेव्हापासून सासूबाई माझ्यासोबत येतात. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. प्रयागबाई नाव. त्या दारात स्टूल टाकून बसतात, हातात बॅटरी, आणि मी घासते तोवर उसाकडं तोंड करून मोठ्यानं बोलतात. पहिले दोन दिवस त्यांना सुचेना. घरात जी बाई पदर दाताखाली धरून कुजबुजते, ती ओरडून बोलणार काय? मग एक दिवस सुरुवात झाली आणि मी ऐकतच राहिले. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी न घेतलेली ही बाई उसाला सांगत होती, "आईक रं! आमच्या सावळ्यानं आज पुन्हा माझ्या भाजीला नाव ठेवलं. त्याच्या आईनं तरी कधी मीठ बरुबर टाकलं व्हतं का?" मी हसून हसून ताटं विसळली. रोज अर्धा तास असं चालायचं. आत आलो की पदर पुन्हा दाताखाली.

तर मोरी. दीड हात रुंद, तीन हात लांब, आत, भिंतीला लागून, आणि पाणी बाहेर जायला पाईप. जानकू गवंड्याला मी गुपचूप विचारलं होतं. तो म्हणाला, "ताई, पंधरा हजारांत करून देतो, पायपासकट."

मग नारायणगावहून मॉड्युलरवाला आला. टोकदार बूट, हातात टॅब. तो म्हणेल त्यावर तिघं "हां हां" करत होते. चिमणी घ्या. हां. छताला पीओपी आणि त्यात सहा स्पॉटलाइट. हां हां. वरच्या कपाटांना काळी काच. एका बाजूला ब्रेकफास्ट काउंटर आणि दोन उंच स्टुलं. आमच्याकडं ब्रेकफास्ट म्हणजे शिळी भाकरी आणि चहा, तोही मामा उंबऱ्यावर बसून पितात. काउंटरवर बसायचं कुणी? नंतर मामा एकदा हौसेनं त्या स्टुलावर चढले आणि त्यांना खाली उतरवायला दोन गडी लागले, ते सोडा.

मी चहा द्यायला गेले तेव्हा मीच म्हणाले, "त्या काउंटरच्या जागी मोरी घेऊ. चिमणीच्या निम्म्या पैशात होईल. मोठी भांडी आत घासता येतील."

मॉड्युलरवाल्यानं नाक असं मुरडलं, जसं काही मी त्याच्या टॅबवरच भांडी घासणार होते. "मॅडम, मोरीनं सगळा लूक जातो."

"पाव्हणं काय मोरी बघाया येणारेत का?" मामा म्हणाले.

"आणि सिंक देतायत ना ते," मालक म्हणाले. मी त्यांच्याकडं बघितलं. ह्या माणसानं मोत्याचं रक्त फरशीवरून स्वतः पाणी मारून धुतलं होतं. त्यांनी नजर टॅबात घातली. मला तेव्हा राग आला नाही, किळस आली.

सिंक आलं. चकचकीत, गोल, आणि एवढंसं की आमची परात त्यात उभीसुद्धा मावेना. बरं, त्याला बाहेर जायचा पाईपच नाही. दोन लाख संपले होते. मॉड्युलरवाल्यानं खालच्या ट्रॉलीत एक बादली ठेवली आणि म्हणाला, "सध्या असं ॲडजस्ट करा." चिमणीचं तेच. स्लॅब फोडणं बजेटात बसत नव्हतं, म्हणून तिचा पाईप वरच्या काळ्या काचेच्या कपाटात नेऊन सोडला. फोडणीचा ठसका आधी एकदाच लागायचा. आता धूर कपाटात जाऊन परत यायचा आणि दुसऱ्यांदा लागायचा. स्पॉटलाइट मात्र झगझगीत लागले. तिघं रात्री जेवल्यावर स्विच चालू-बंद करून बघायचे. मी आणि आत्या पातेली उचलून मागं जायचो.

डिसेंबरात घोडेगावचं स्थळ आलं. मुलीचं नाव प्रांजल, सत्तावीस वर्षांची, तिकडं एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. घर बघायला ती स्वतः येणार होती, आईला आणि मामाला घेऊन. ऑफिस सुटल्यावर निघणार म्हणजे पोचायला दिवेलागण. सकाळीच मालकांनी मला बजावलं, "मागचं दार कडी लावून ठेव. तिकडं कुणाला जाऊ देऊ नको. आणि सिंक वापरू नको."

"मग कप कुठं धुवू? तोंडात?"

"डोकं नको खाऊ," म्हणाले. मालकांना उत्तर सुचलं नाही की माझं बोलणं डोकं खाणं होतं.

पाहुणे आले. ओसरीत पोहे झाले, चहा झाला. मामांनी उसाचा उतारा एवढ्या थाटात सांगितला, जणू कारखाना ह्यांच्यावरच चालतो. मग वरात किचनकडं. संपतनं सहाही दिवे लावले. मुलीची आई "छान आहे" म्हणाली. मुलीचा मामा स्टुलाला हात लावून बघून गेला. प्रांजल चिमणीकडं बघत होती, मग कपाटाच्या काचेकडं, जिच्यावर आतून धुराचा थर धरला होता. पुरुष परत ओसरीत गेले, तिची आईही गेली, ती मागं राहिली. आणि हातातला कप तिनं सवयीनं सिंकमध्ये धरला आणि नळ सोडला.

मी तिला थांबवू शकले असते. बादली सकाळपासून काठोकाठ भरलेली होती, ओतायला कुणाला सवड होती? मी गप्प उभी राहिले. ट्रॉलीच्या फटीतून पाणी आलं आणि तिच्या पायांवरून वाहिलं. ती मागं सरली, खाली वाकली, ट्रॉली ओढली, बादली बघितली.

"वहिनी," ती हळू म्हणाली, "तुम्ही भांडी कुठं घासता?"

मी मागच्या दाराची कडी काढली.

आत्या आधीच बाजूच्या बोळातून जाऊन फरशीजवळ बसल्या होत्या. पाहुण्यांच्या ताटल्यांचा ढीग त्यांनीच नेला होता. पाठ आमच्याकडं, बॅटरी उसावर, आणि आवाज पूर्ण सुटलेला. "आईक रं! सावळ्यानं नटवलंय किचन नव्या पोरीसाठी. आत दिवे सहा, आणि इथं म्हातारीच्या हातात एक बॅटरी! माझ्या सुनंला हितनं उचलून नेलंस ना, तर ह्ये तिघं दुसऱ्या दिवशी इचारतील, भाकरी कोण टाकणार? तू आपला दुसरीकडं जा बाबा, हिला नको नेऊस. मला एकटीला नाय जमायचं."

माझे डोळे भरून आले. चौदा वर्षांत माझ्यासाठी कुणी कुणाला असं विनवलं नव्हतं, आणि आज विनवलं ते बिबट्याला.

प्रांजलनं मला विचारलं, "रोज?" मी मान हलवली. तिनं मोबाईलचा उजेड लावला आणि माझ्या सगळ्या ताटल्या घासून होईपर्यंत दारात उभी राहून उसावर धरला. आतून दोनदा हाका आल्या, ती हलली नाही. मागं पाहुणी उभी आहे हे आत्यांना कळलं तेव्हा त्यांनी झटकन पदर दाताखाली घेतला.

पाहुणे गेल्यावर मालक माझ्यावर खेकसले. मागचं दार कुणी उघडलं? मी उघडलं, म्हटलं. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेवढाच जिवाला आराम.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. मुलीला मुलगा पसंत आहे. सोनं नको, मानपान नको. फक्त भांडी घासायची जागा घराच्या आत पाहिजे, आणि चालू झालेल्या पाईपासकट फोटो पाठवा, मग सुपारी फोडू.

बघा आता ह्यांची चपळाई. संध्याकाळी जानकू दारात. सकाळी ब्रेकफास्ट काउंटर फुटलं. दोन लाखांच्या वर जो एक रुपया नव्हता, त्याच्या जागी पंधरा हजार मामांच्या कोपरीच्या खिशातून निघाले. तीन दिवसांत मोरी, नळ, पाईप, बाहेर शोषखड्डा. मामा जानकूच्या डोक्यावर उभं राहून सांगत होते, "माझ्या आधीपासून मनात व्हतं, मोरी पायजेच. ह्या पोरांना कळत नाय." मालकांनी फोटो काढला, तोही संपतला मोरीशेजारी उभा करून. मी आनंद मानायला हवा होता. पण मला चुलीत घातल्यासारखं झालं होतं. मी चौदा वर्षं मागत होते. जी पोर अजून सून म्हणून ह्या घराचा उंबरा ओलांडून आलीसुद्धा नाही, तिच्यासाठी तीन दिवस पुरले. मोरी झाली, पण ती माझ्यासाठी झाली नाही, हे मला रोज परात घासताना आठवणार आहे.

सुपारी फुटली. त्या संध्याकाळी सात वाजता मी पहिल्यांदा आत भांड्यांना बसले. ओसरीत तिघं टीव्ही लावून बसले होते, मध्ये नुसता पडदा. आत्या आल्या त्या स्टूल घेऊनच. सवयीनं बॅटरीही हातात.

"आत्या, आता गरज नाही," मी म्हटलं. "इथं कोण येतंय? तुम्ही जाऊन पडा."

त्यांनी स्टूल टाकलं, बसल्या, बॅटरी मांडीवर ठेवली. मोरीकडं बघितलं, पाईपाकडं बघितलं. मग दातातला पदर काढला आणि मागं उसाला सांगायच्या त्याच आवाजात सुरू झाल्या.

"आईक रं सावळ्या! येक्केचाळीस वर्षं मी बाहेर घासली, चौदा वर्षं हिनं घासली. कुत्रं गेलं तरी तुला पंधरा हजार घावले नाय. पोरीच्या एका फोनावर घावले!"

माझ्या हातातली घासणी थांबली. पडद्यापलीकडं बातम्या चालल्या होत्या. मग मामांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आत्यांनीही आपला वाढवला.